मांडवातली लाल टोपी

मंगली उईके वर्दी घालून आपल्या मांडवात आली, तर आपला फायदा किती, हे मनोहरलाल रहांगडाल्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण पिपरटोल्यात असे हिशेब ज्याचे त्यानं करायचे नसतात, बाकीच्यांनी करायचे असतात. आणि आम्ही ते केले होते.

पहिला फायदा, बालाघाटवाल्यांच्या तोंडाला कुलूप. मनोहरलालजींच्या मुलीच्या, सोनिकाच्या साखरपुड्याला नवऱ्या मुलाचे मोठे काका घनश्याम बिसेन आले ते खाकीत. ते तिकडे मध्य प्रदेशात वनखात्यात रेंजर. दिवस रविवारचा, कार्यक्रम सोयरिकीचा, तरी कमरेला पट्टा, खांद्यावर तारे आणि बगलेत टोपी. फोटोवाला नवऱ्या मुलाला सोडून त्यांच्यामागे फिरला. पुढचे आठ दिवस गावात जावयापेक्षा रेंजरसाहेबांच्याच गोष्टी. आपल्या बाजूला दाखवायला पांढऱ्या कपड्यातल्या सरपंचाशिवाय कोणी नव्हतं, हे मनोहरलालजींना फार लागलं. खाकीवर मात करणारी एकच गोष्ट त्यांना माहीत होती: फौज.

दुसरा फायदा धनेंद्रच्या संबंधातला. मनोहरलालजींचा हा मुलगा दोनदा सैन्यभरतीला गेला आणि दोन्ही वेळा सोळाशे मीटरच्या धावण्यात तेराशेच्या आसपास खाली बसला. त्याच गावातल्या वनमजुराची, पुनारामची, पोरगी मात्र मिलिटरी पोलिसात लागली. हा घास गेली चार वर्षं मनोहरलालजींच्या घशात अडकून होता. तीच पोरगी आपल्या बोलावण्यानं आपल्या मांडवात उभी राहिली, की 'आमच्या गावची' म्हणता म्हणता 'आमचीच' म्हणता येतं. तिसरा फायदा दिवाळीनंतरच्या सहकारी संस्थेच्या निवडणुकीचा, पण लग्नाच्या गोष्टीत निवडणूक कशाला आणा.

आणि या सगळ्याला लागणार काय? एक लग्नपत्रिका. एवढं स्वस्त काही मनोहरलालजींनी आयुष्यात सोडलेलं नाही.

मंगली गोंडांच्या कचारगडच्या जत्रेसाठी सुट्टी काढून आली होती. जत्रा झाली, सुट्टी अजून उरली होती. तेवढ्यात एका सकाळी मनोहरलालजी पुनारामच्या अंगणात आले. एरवी ते रस्त्यावरूनच, गाडी बंद न करता, हाक मारत. त्या दिवशी त्यांनी गाडी बंद केली, तेव्हाच शेजारच्या तीन घरांतून माणसं बाहेर आली. पुनारामनं खाट टाकली, गमछ्यानं पुसली, मग पुन्हा पुसली.

"काय मंगली, कई आली?"

"झाले आठ दिवस, काका."

"सोनिकाचं लगन हाये बावीस तारखेले. तुले याचंच हाये. तुही मैतरीन होय न ते. अन् येशील त पूरा डरेस घालून येजो. टोपी, पट्टा, बिल्ले, सारं."

"वर्दी लुगड्यासारखी नसते काका. मनात आलं अन् नेसली. साहेबाची परवानगी लागते."

"परवानगी कायले? लगन माह्या घरचं!"

"वर्दी तुमच्या घरची नाई न."

"मंगली!" पुनाराम ओरडला.

मनोहरलालजी मात्र हसले. काम असलं की ते कशालाही हसतात.

"विचारून पाहाते साहेबांले," मंगली म्हणाली. "पन आवतन कोनाले हाये?"

"तुले."

"मले एकटीले?"

आता आमच्याकडे आवतन दोन तऱ्हेचं असतं. एक, घरून एक माणूस या. दुसरं चूलबंद, म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटायची नाही, सगळं घर जेवायला. पुनारामच्या घरी रहांगडाल्यांचं तिसरंच आवतन येत असे: 'मांडव आहे, जांभळीच्या डहाळ्या घेऊन ये.' त्या घरच्या तीन लग्नांचा मांडव पुनारामच्या डहाळ्यांनी झाकला, खांब त्यानंच पुरले. वरात आली की तो मागच्या अंगाला, जनरेटरपाशी. जेवण डब्यात झाकून घरी.

सोनिकाच्या मोठ्या बहिणीच्या लग्नात मंगली आठवीत होती. मैत्रीण म्हणून सोनिकाच्या बाजूला पहिल्या ओळीत जाऊन बसली. मनोहरलालजींनी तिला उठवलं नाही. भला माणूस. त्यांनी पुनारामला हाक मारली आणि म्हणाले, "तुही पोट्टी उठव तेथून." पुनारामनं उठवली. मंगलीला उठवल्याचा राग नव्हता. उठवायला हात कोणाचा वापरला, त्याचा होता.

"बाबाच्या नावाची पत्रिका पायजे," ती म्हणाली. "चूलबंद. बाबा समोरच्या फाटकातून येतील अन् समोर बसतील. इतकं होत असन त वर्दी. नाई त मी सलवार घालून येते, जेवते, जाते."

मनोहरलालजींनी तिथल्या तिथं खिशातून पत्रिका काढली, खाटेवर ठेवून लिहिलं: श्री. पुनारामजी उईके व परिवार. 'पुनाराम' लिहून पेन जरा थांबलं होतं, मग 'जी' आलं. घरी जाऊन त्यांनी हे बायकोला, रामकलीबाईंना, मोठ्या ऐटीत सांगितलं. बाई पापडाची रास मोजत होत्या. म्हणाल्या, "कागदावर त बसवलं. खुर्चीवर कई बसवता ते पाहू."

इकडे पुनारामच्या घरी वेगळंच चाललं होतं.

"मले कायले मधात ओढलं वं?" पुनाराम म्हणाला. "मी कोठी बसू तेथी?"

"खुर्चीवर."

"अन् थो रेंजर आला त?"

"थो आपला रेंजर नाई बाबा. बालाघाटचा हाये."

"खाकी सारखीच असते, माय."

एकवीस वर्षं रोपवनात काम केलेला माणूस. खाकी दिसली की त्याचे गुडघे त्याला न विचारता उठतात.

परवानगी आली. नाचायचं नाही, काही प्यायचं नाही, वर्दीला शोभेल असं वागायचं, एवढ्या अटी. बावीस तारखेला गोरज मुहूर्ताच्या आधी मंगली घरातून निघाली, तेव्हा टोल्यातल्या बायांनी नळ तसेच वाहते सोडले. इस्त्रीची धार अशी की तिच्याकडे बघताना आपण आपला शर्ट ओढून सरळ करावा. कमरेला पांढरा पट्टा, बाहीवर फीत, डोक्यावर लाल टोपी, बुटांत समोरचं घर दिसत होतं. बाजूला पुनाराम, नवा पांढरा सदरा, खांद्यावर पिवळा गमछा, आणि चाल अशी जणू त्यालाच कोणी पकडून नेतंय.

फाटक गोंदियाच्या इव्हेंटवाल्यांनी सजवलेलं. आता आमच्याकडेही लग्नात सगळं बाहेरून येतं. गुलाबपाणी शिंपडणाऱ्या दोन मुली, स्टेजच्या दोन्ही अंगांना काळ्या कपड्यातले दोन बाउंसर, थंड धूर सोडणारं यंत्र. दगडफेक होईल अशी दहशत पिपरटोल्यात कधी नव्हती, पण बाउंसर शेजारच्या गावच्या लग्नात होते, म्हणून इथंही.

"या, या!" मनोहरलालजी पुढं आले. मंगलीला त्यांनी हातानं वाट दाखवली. मग पुनारामच्या कानाशी वाकले. "पुनाराम, जनरेटरवाला कोठी दिसून नाई राहिला. जरासा पाहून घे न. दोनच मिनिट."

आणि पुनाराम गेला. खोटं कशाला सांगा, सुटल्यासारखा गेला. तिथली जागा त्याच्या ओळखीची होती.

मंगली वळली तर बाजूला कोणी नाही.

"बाबा कोठी?"

"येऊन राहिला न तो. तू हो तिकडे, स्टेजपाशी. बरात आली!"

तिला निघून जाता आलं असतं. भांडता आलं असतं. आम्ही बरेच जण तर भांडणासाठीच मान उंच करून होतो. ती स्टेजपाशी गेली, पाय जरा फाकवले, हात पाठीमागे बांधले आणि उभी राहिली. शेजारी रिकामी खुर्ची होती, तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नुसती उभी. थोड्याच वेळात ती खुर्चीही कोणीतरी उचलून नेली.

वरात आली. ताशे, धूर, फटाके, आणि सगळ्यांत पुढं घनश्याम बिसेन. आज खाकी आणखी कडक, टोपी डोक्यावर. ते स्टेजपाशी आले आणि थांबले. समोर दोन काळे बाउंसर आणि त्यांच्या ओळीत लाल टोपीची एक पोरगी. रेंजरसाहेबांनी क्षणात बेरीज केली.

"वाह, समधीजी! बाउंसर तो सब लाते हैं. आप तो फौजी थीम ले आए! कितने में पड़ी?"

बालाघाटची वरात खो खो हसली. आमच्यातलेही काही हसले. नावं सांगत नाही. घनश्यामजींच्या हातात पाहुण्यांच्या फेट्यांचं ताट होतं. ते त्यांनी मंगलीपुढं धरलं. "बेटा, ज़रा पकड़ना."

मंगलीचे हात पाठीमागेच राहिले.

"ताट माझ्या कामात नाही, साहेब."

ताट हवेत तसंच. रेंजरसाहेबांचा हात अवघडला, तरी ताट घ्यायला कोणी पुढं होईना.

मनोहरलालजी घाईनं पुढं झाले. ज्या वर्दीनं बालाघाटला गप्प करायचं, तीच वर्दी बालाघाटला भाड्याची वाटत होती! इव्हेंटवाल्यांच्या यादीतली एक वस्तू. "अहो, किराये की नहीं है, साहब! असली है. मिलिटरी पुलिस. हमारे गांव की लड़की!"

"अरे समधीजी, असली तो सब बोलते हैं." घनश्यामजी रंगात आले होते. "हमारे बालाघाट में एक टेंटवाला कमांडो सप्लाय करता है. उसके तो सीने पे दस मेडल रहते हैं! मेहमान है तो खड़ी क्यों है? मेहमान बैठता है. और मेहमान अकेला आता है क्या? घरवाले कहां हैं इसके?"

बरोबर प्रश्न होता. खवचटपणानं विचारला, पण बरोबर. मांडवात उभा कोण राहतो? जो कामाला आला तो. एकटा कोण येतो? ज्याला काम सांगून आणलं तो.

"मंगली," मनोहरलालजींचा आवाज एकदम मऊ झाला, "सांग न यायले, तू कोन होयेस."

"मी पाहुनी होय का कामाची होय, ते घरच्या मालकानं सांगाचं असते काका," मंगली म्हणाली. "मी काय सांगू?"

ताशे थांबले होते. मोबाइल वर झाले होते. मनोहरलालजी एकदा मंगलीकडे, एकदा ताटाकडे, एकदा रेंजरकडे पाहत होते. तोंडातून 'पाहुनी' म्हणायला काही लागत नाही, पण त्या शब्दाच्या मागोमाग पुनाराम येत होता, आणि पुनारामच्या मागोमाग खुर्ची.

मागून रामकलीबाई पुढं आल्या. हातात वरमाईच्या ओटीचं ताट. "उभे कायले राहिले? जा न, पुनारामभाऊले घेऊन या. जनरेटरपाशी धनेंद्रले पाठवा. थो तसाबी कोठी धावत नाई."

या वेळी मात्र आम्ही सगळेच हसलो, आणि धनेंद्र खाली मान घालून जनरेटरकडे गेला. बापाच्या आधी.

मनोहरलाल रहांगडाले स्वतःच्या मुलीच्या मांडवातून, दोनशे माणसांच्या मधून, मागच्या अंगाला चालत गेले. जनरेटरचा आवाज असा की शेजारी उभ्या माणसालाही काही ऐकू येत नाही. त्यांनी हळू हाक मारली, ऐकू गेली नाही. जरा मोठ्यानं मारली, तीही नाही. तिसऱ्यांदा ते ओरडले, "पुनारामजी!" आणि नेमकं त्याच वेळी धनेंद्रनं भलताच खटका दाबून जनरेटर बंद केला. अख्ख्या मांडवानं ते ऐकलं.

जनरेटर पुन्हा धडधडू लागला आणि मनोहरलालजी पुनारामला घेऊन आले. पुनाराम हाताचं डिझेल गमछ्याला पुसत होता. पहिली ओळ भरलेली. सरपंचांना मोबाइलमध्ये फार महत्त्वाचं काही दिसलं. मोठे जावई खाली वाकून चप्पल शोधू लागले. ती त्यांच्या पायातच होती. बाकीच्यांनी स्टेजवरच्या फुलांकडे असं पाहिलं जणू ती मोजायला सांगितली होती. रिकामी खुर्ची एकच: नवऱ्या मुलाच्या बापाच्या शेजारची, रेशमी झालर लावलेली, मुलीच्या बापाची.

मनोहरलालजींनी त्या खुर्चीकडे पाहिलं.

"बसा, पुनारामजी," ते म्हणाले.

पुनाराम बसला. चिमणी बसेल एवढ्या कडेवर. रामकलीबाईंनी आपली खुर्ची ओढून त्याच्या बाजूला लावली. "मंगली, तू येथी बस, बाई. मले नवरी आनाची हाये, मी कोठी बसून राहाते?" तेव्हा कुठं मंगली जागची हलली. आली, बसली, पाठ ताठ.

मुलीच्या बापानं स्वतःची खुर्ची दिली, तेव्हा ही पाहुणी मोठीच असणार, हे बालाघाटला न सांगता कळलं. कुजबुज सुरू झाली. "सच में फौज की है." "वो बाजू में फादर है." फोटोवाला धावला. आणि जिथं फोटोवाला, तिथं घनश्यामजी. ते पट्टा वर ओढत पुनारामच्या पुढ्यात येऊन उभे राहिले.

खाकी. हातभर अंतरावर.

पुनारामचे गुडघे उठायला लागले. आम्ही पाहिलं. हात खुर्चीच्या दांड्यावर आले, मान खाली गेली, कंबर सुटली. अर्धा उठलासुद्धा. एवढं सगळं करून तो माणूस आता स्वतःच ती खुर्ची परत करणार होता.

"बाबा, बसून राहा!"

आवाज मोठा नव्हता. पण ज्या आवाजानं मैदानावर शंभर पाय एकदम थांबत असतील, तो तो होता. पुनाराम बसला. या वेळी पूर्ण खुर्चीभर. सरपंचांनी मोबाइल खिशात घातला. फोटोवाला उकिडवा झाला. एक बाउंसर भिंतीला टेकून उभा होता, तो सरळ झाला. आणि घनश्याम बिसेन, रेंजर, ज्यांना कोणी काही म्हटलं नव्हतं, ते मागच्या मागे ताशेवाल्याच्या स्टुलावर बसले.

सगळ्यांत आधी नवरा मुलगा हसला. मुंडावळ्या हलल्या, फेटा हलला, मग त्याची आई, मग अख्खं बालाघाट. घनश्यामजी क्षणभर लाल झाले. पण माणूस अगदीच वाईट नव्हता. स्वतःवर आलेलं हसू त्यांनी सरळ घेतलं. टोपी काढली, मांडीवर ठेवली.

"बेटा, आवाज़ तो असली है," ते म्हणाले. "मान गए." मग पुनारामकडे वळून, "आप क्या करते हैं, दादा?"

"वनमजूर हाओ, साहेब. रोपवनात. एकवीस वर्सं."

"अरे! तब तो आप अपने ही महकमे के हुए. बताइए, बांस में आग की पट्टी आप लोग कब काटते हो? हमारे यहां हर साल जल जाता है."

"उशिरा काटत असान," पुनाराम म्हणाला. "होळीच्या आधी काटा लागते. पान गळाच्या आधी नाई, गळल्यावर नाई. मधात."

"मतलब?"

पुनाराम सांगू लागला. आग अडवायला मोकळी ठेवायची पट्टी किती रुंद, वारा कोणत्या अंगाचा, राखण कुठं बसवायची. स्टुलावरचे रेंजरसाहेब मान वर करून ऐकत होते, कारण स्टूल खुर्चीपेक्षा बुटका होता. बोलता बोलता पुनारामची पाठ खुर्चीला टेकली. मंगलीनं त्याच्याकडे पाहिलं नाही; समोर स्टेजकडे पाहत राहिली. पण ओठ दाबून धरलेले होते आणि पापण्या लवणं बंद होतं. वर्दीत रडायची परवानगी बहुतेक नसावी.

लग्न लागलं. सोनिकानं अक्षता झटकल्या आणि पहिल्यांदा वाकून मंगलीची टोपी बोटानं ठोकली. "काय वं, माह्या लग्नात सारे तुलेच पाहून राहिले!"

मग व्याह्यांची पंगत. बालाघाटच्या व्याह्यांनीच पुनारामचा हात धरला. "चलिए, हमारे साथ बैठिए." आमच्याकडे या पंगतीला तूप मुलीच्या बापानं स्वतः वाढायचं असतं, आणि एकदा ओळ सुरू केली की कोणाचं पान ओलांडायचं नसतं. मनोहरलालजी तुपाची कासंडी घेऊन वाकत वाकत आले. व्याही, विहीणबाई, घनश्यामजी, आणि मग पुनाराम. सगळी पंगत बघत होती.

पुनारामनं पानावर हात आडवा धरला. "बस मालक, राहू द्या."

"घ्या न," मनोहरलालजी म्हणाले. आणि बघणारे इतके होते की धार त्यांच्या अंदाजापेक्षा मोठी पडली.

"काका," बाजूच्या पानावरून मंगली म्हणाली, "बाबाले तुपासंग साखर लागते."

मनोहरलालजींनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग साखर आणायला ते स्वतःच गेले. दुसऱ्याला सांगितलं असतं, तर पंगतीत माणसाला काम सांगितलं असं झालं असतं.

आता कोणाचं किती गेलं ते. मनोहरलालजींना फायदा झालाच नाही असं नाही. बालाघाटला जाऊन लोकांनी लाल टोपीच्याच गोष्टी केल्या. पण त्यासाठी त्यांची खुर्ची गेली, मंगलाष्टकं त्यांनी खांबाला टेकून उभ्यानं ऐकली, आणि पंगतीत काढलेल्या दोन्ही घरांच्या मुख्य फोटोत ते नाहीत. त्या वेळी ते साखरेच्या डब्यापाशी होते. घनश्यामजींचा एक थाट गेला. नंतरच्या कार्यक्रमांना ते कोट घालून येतात असं ऐकतो. धनेंद्रनं रात्रीच्या जेवणापर्यंत जनरेटर सांभाळला. सरपंचांना पहिल्या ओळीत आता शेजारी कोण बसेल याची खात्री उरली नाही. मंगलीच्या दोन्ही टाचांना फोड आले आणि उरलेली सुट्टी तिनं चपलेत काढली.

पुनारामचं काहीच गेलं नाही. तो पोटभर जेवला, पान खाल्लं आणि समोरच्या फाटकातून घरी गेला.